भूमीतील नाणी : शोध आणि ओळख
(वार्षिक संमेलनातील भाषण)



नांगराच्या तासात एखादे हिरवट नाणे वर आले की आपल्या बीड जिल्ह्यात प्रथम गुप्तधनाची वार्ता पसरते, मागोमाग मांत्रिक येतो आणि अखेरीस नाणे सोनाराच्या मुशीत जाते. या तिन्हींपासून आपली कुटुंबे दूर राहावीत, एवढ्याचसाठी आम्ही आज चार शब्द बोलणार आहोत.

अलीकडे तरुण मंडळी धातुशोधक यंत्राची चौकशी करतात. त्यात जादू नाही. तारेच्या वेटोळ्यातील बदलत्या विद्युत्प्रवाहाने चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होते, त्यायोगे भूमीतील धातूत सूक्ष्म प्रवाह वाहतात व यंत्र नाद करते. तो नाद मोहरेचा की खिळ्याचा, हे मात्र खात्रीने कळत नाही. संरक्षित किल्ला, लेणी अथवा जुनी पांढरी येथे यंत्र घेऊन जाऊच नये.

खरी ओळख डोळ्यांनी होते. शिशाच्या नाण्यावर एकीकडे हत्ती व दुसरीकडे चार वर्तुळांनी युक्त फुली असल्यास ते बहुधा सातवाहनांचे. तांब्याच्या शिवराईवर ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे असतात. चारमिनार दिसला तर निजामाचा हाली सिक्का समजावा. 1948 पर्यंत आपला जिल्हा त्याच्याच राज्यात होता. नाणे चिंचेने वा राखेने घासू नये, अक्षरे झिजतात. वजन, आकार, जागा आणि खोली वहीत टिपावी.

जागेचे महत्त्व केवढे, ते पाहा. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला 1974 साली छबू लक्ष्मण भिल्ल यांना खोदताना काशाचे रथ, हत्ती, गेंडा व रेडा सापडले. वजन साठ किलोंहून अधिक! परंतु ते शास्त्रीय उत्खननात निघाले नसल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद झाले. मुशीत गेले असते, तर वादालाही काही उरले नसते.

1878 च्या निखात निधी कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे लागते. लपविणाऱ्यास शिक्षा आहे. कळविणाऱ्यास, निधी बेवारस ठरून सरकारने न घेतल्यास आणि वेगळा करार नसल्यास, तीन चतुर्थांश व जमीनमालकास उरलेला वाटा मिळतो. म्हणून असे काही हाती लागले, तर मांत्रिकाकडे न जाता प्रथम वही उघडावी आणि मग कचेरीची वाट धरावी, ही आमची विनंती.