आम्हां उभयतांचे अंदमान

लग्नाला वीस वर्षे झाली त्या डिसेंबरात आम्ही उभयता अंदमानास गेलो, आणि गेलो तेही पाठीवर एकेक सॅक टाकून. सरकारी नोकरीत मी पुष्कळ हिंडलो आहे. परंतु दौरा निराळा आणि प्रवास निराळा. दौऱ्यावर आपल्या आधी आपला हुद्दा पोचलेला असतो. येथे धक्क्यावर उतरल्यावर कोणी पुढे येत नसे, आणि माझा हात उगाच हार घेण्यासाठी पुढे होई, असे सौभाग्यवतीचे म्हणणे आहे. सॅक भरताना तिने माझ्या पाच सदऱ्यांपैकी तीन निमूटपणे काढून ठेवले होते. ते तीन कोणते, हेही मला नंतर आठवले नाही.

अंदमान म्हटले की मराठी माणसाची पावले सेल्युलर जेलकडे वळतात. आमचीही वळली, पण त्या कोठड्यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. मला सांगावयाचे आहे ते त्यापुढचे.

पोर्ट ब्लेअरहून, ज्याला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात, उत्तरेकडे जाण्यास दोन वाटा आहेत. एक समुद्राची, दुसरी अंदमान ट्रंक रोडची. हा रस्ता जारवा लोकांसाठी राखलेल्या जंगलातून जातो. २०११ च्या जनगणनेत हे लोक चारशेसुद्धा भरले नाहीत. १९५६ च्या कायद्याने त्यांच्या भागात परक्यांना मज्जाव आहे. राखीव टापूतला रस्ता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता. तरीही जिरकाटांगच्या नाक्यावरून मोटारींचे तांडे पहाऱ्यात आत जातातच.

येथे आमचे भांडण झाले. मी म्हणालो, "रस्ता सरकारी, बस सरकारी, तिकीट रीतसर. हरकत कोणाची?" ती म्हणाली, "अहो, ज्यांच्या अंगणातून तो जातो, त्यांना कुणी विचारलं होतं?" वीस वर्षे फायलींवर शेरे मारणाऱ्या मला यावर शेरा सुचला नाही. आम्ही बोटीने निघालो.

बोट हॅवलॉकवरून, म्हणजे २०१८ नंतरच्या स्वराज द्वीपावरून, लाँग आयलंडला गेली. हे बेट लहान. मोटारींचा आवाज नाही; धक्क्यापासून सिमेंटची अरुंद वाट, तिच्या कडेला घरे. ज्या घरी उतरलो, तेथील म्हातारा रांचीकडचा. जंगलखात्याच्या लाकूडतोडीसाठी तिकडून मजूर आणीत, त्यांतला त्याचा बाप. शेजारी तेलुगू, पलीकडे बंगाली. सर्वांची बोली हिंदी, आणि तीही प्रत्येकाची वेगळी. म्हातारीने सौभाग्यवतीला पहिला प्रश्न विचारला, "मुले कोठे ठेवलीत?" दुसरा विचारला, "साहेबांना सुट्टी कशी मिळाली?" आम्हांला वाटले होते, हुद्दा मागे राहिला!

दुसऱ्या दिवशी जंगलातून लालाजी बे या किनाऱ्याकडे निघालो. पडौक आणि गर्जन यांचे सोट इतके उंच, की पाखरू ऐकू येते, दिसत नाही. मुळांना ठेचाळत मी पुढे. ती मागून सावकाश. नेहमीप्रमाणे मीच वाट चुकलो आणि नेहमीप्रमाणे तिनेच ती शोधली. मग किनारा एकदम उघडला. माणूस नाही. आम्ही नारळ फोडण्याच्या खटपटीत तास घालवला, आणि तो फुटला तेव्हा त्यात पाणी नव्हते. इतके हसलो, की परतायला उशीर झाला. येथे घड्याळ आपले आणि सूर्य ब्रह्मदेशाचा. डिसेंबरात पाचाच्या सुमारास अंधारते. परतीची अर्धी वाट एका विजेरीच्या उजेडात, हात धरून काढली. असा हात आम्ही किती वर्षांत धरला नव्हता, याचा हिशेब मी येथे मांडीत नाही.

पुढे रंगतला आलो. तेथे एका गावाचे नाव पंचवटी! नाशिकची आठवण होऊन मन क्षणभर भांबावले. आसपासही रामायणातलीच नावे, दशरथपूर, जनकपूर. फाळणीनंतर पूर्व बंगालच्या निर्वासितांना १९४९ पासून या बेटांवर वसविण्यात आले. घर गमावलेल्यांनी जंगल तोडून भातखाचरे केली. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण जंगल मागे हटले तसतसे त्यात राहणारेही मागे हटले असतील, हे खाचरांच्या बांधावर उभे राहिल्यावर प्रथमच मला दिसले. इतिहासात एम. ए. होऊन दिसले नव्हते.

परतताना समुद्र खवळला. दोन दिवस बोट सुटली नाही. विमान तिसऱ्या दिवशीचे आणि रजा संपलेली. पहाटेची बस धरण्यावाचून गत्यंतर नव्हते. मी तिकिटे आणली तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बरं."

बाराटांग मागे टाकून, खाडी ओलांडून बस तांड्यात लागली. फोटो नाही, थांबणे नाही, काही देणे नाही, असे कंडक्टरने बजावले. एका वळणावर रस्त्याच्या कडेला एक बाई कडेवर मूल घेऊन उभी होती. निम्मी बस त्या अंगाला कलली. सौभाग्यवती मांडीवरच्या सॅकचे बंद न्याहाळीत बसली. मी मात्र पाहिले.

रात्री सामान आवरताना तिने विचारले, "त्या बाईनं आपल्याकडे पाहिलं का हो?"

पाहिले नव्हते. बस जाईपर्यंत ती मुलाच्या डोळ्यांवर हात धरून पाठमोरी उभी होती.