महाविद्यालयाचे पहिले वर्ष
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



बारावीत उज्ज्वल यश मिळविलेल्या विद्यार्थ्यांचे मनःपूर्वक अभिनंदन! सत्कारप्रसंगी अपयशाविषयी बोलू नये, असा संकेत आहे. तो मी आज थोडा मोडणार आहे, कारण याच मुलांपैकी काहींना येत्या वर्षभरात त्याची गाठ पडण्याचा संभव आहे.

मी डोंबिवलीच्या मराठी शाळेत शिकलो. वर्गात पहिल्या तिघांत असे. मुंबईच्या महाविद्यालयात गेलो आणि सारेच बदलले. व्याख्याने इंग्रजीत, वर्गात शंभरावर मुले आणि रोजचे तीन तास लोकलमध्ये. शाळेत गुरुजी वही तपासत. येथे आलो की नाही, हेही कोणी विचारीना. पहिल्याच सहामाहीत दोन विषयांत अनुत्तीर्ण झालो. निकाल घरी सांगितला नाही. महिनाभर नेहमीच्या गाडीने जात होतो, पण वर्गात न बसता संध्याकाळपर्यंत भटकत होतो.

वडिलांचे छोटे किराणा दुकान होते. त्यांनी एके रात्री ओळखलेच. रागावले नाहीत. म्हणाले, "रोजमेळात तूट दिसली, तर आपण वही लपवतो का रे? त्याच रात्री हिशेब जुळवायला बसतो ना?" दुसऱ्या दिवशी मी प्राध्यापकांसमोर उभा राहिलो आणि 'समजत नाही' हे शब्द प्रथमच उच्चारले. त्यांनी प्रत्येक तासाची टिपणे त्याच रात्री स्वतःच्या भाषेत लिहावयास सांगितली. पुढील परीक्षेत दोन्ही विषय सुटले.

विद्यार्थी मित्रांनो, रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला पोहोचली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले. पुढे दीर्घकाळ आपल्या भागातील मुलांचा उच्च शिक्षणाचा मार्ग याच रुळांवरून गेला. आज ठाण्यात जोशी-बेडेकर, डोंबिवलीत पेंढरकर, कल्याणात बिर्ला अशी महाविद्यालये आहेत. विद्यापीठाची उपकेंद्रेही ठाणे-कल्याणात आली आहेत. अंतर कमी झाले, परंतु शाळा आणि महाविद्यालय यांतील उंबरठा तेवढाच उंच आहे. तेथे शिस्त बाहेरून लावली जात नाही, ती स्वतः लावून घ्यावी लागते. पंच्याहत्तर टक्के उपस्थितीचा नियम शेवटच्या महिन्यात आठवून उपयोग नाही. एटीकेटी लागली, तर तो कलंक नव्हे. ती लपविणे मात्र घातक आहे.

आहार-आचाराचा प्रश्नही येतो. डबा सोबत ठेवावा, आपला नियम नम्रपणे सांगावा आणि दुसऱ्याच्या ताटाकडे तुच्छतेने पाहू नये. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले, तेव्हा सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहिली, एका पंक्तीत जेवली. निरनिराळ्या घरांतून आलेल्या मुलांशी मैत्री जोडणे, हेही शिक्षणच होय. अनेकांतवाद पाठशाळेत आपण शिकलो. त्याची परीक्षा वर्गातील बाकावर होते.

पालकांना एकच विनंती. संध्याकाळी मुलाला 'किती गुण?' असे विचारण्याआधी 'आज काय समजले नाही?' असे विचारावे. घरात खरे बोलण्याची भीती वाटली, की मूल बाहेर भटकते. हे मी अनुभवाने सांगतो.

आणि विश्वस्तांना एक सूचना. समाजाच्या उच्च शिक्षणासाठी मुंबईत १९१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालय उभे राहिले. आपण तेवढे मोठे काम करू शकणार नाही कदाचित. परंतु आपल्या सभागृहात रविवारी दोन तास अभ्यासिका उघडता येईल. समाजातील प्राध्यापक, अभियंते, सनदी लेखापाल यांनी आळीपाळीने तेथे बसावे. पहिल्या वर्षाच्या मुलाला 'समजत नाही' असे निःसंकोच म्हणता येईल, अशी एक जागा आपण दिली, तर सुवर्णमहोत्सव सार्थ होईल. पहिल्या रविवारी मी स्वतः येईन.

जय जिनेंद्र!