बदलतें कुटुंब आणि एकाकीपणा

(महोत्सवानिमित्त दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं देवळाच्या भिंती, घंटा, वेदी आणि त्यांसाठीं झिजलेले हात यांचें स्मरण करावें असा प्रघात आहे, व तें काम आमच्याहून अधिक जाणत्या वक्त्यांनीं केलें आहे. आम्हांस निराळा विषय नेमून देण्यांत आला. ज्या घरांतून माणसें या देवळांत येतात त्या घरांचें काय होत आहे, हा तो विषय होय. रविवारीं मिस्साबलिदानास देऊळ भरलेलें दिसतें. परंतु घरीं परत गेल्यावर यांपैकीं कितीजणांशीं बोलावयास कोणी असतें, याची नोंद धर्मग्रामाच्या दप्तरांत नसते. बाप्तिस्म्याचें पुस्तक आहे, लग्नाचें आहे, मरणाचें आहे. एकटें राहणाऱ्यांचें पुस्तक कोठेंच नाहीं.

एकत्र कुटुंब मोडलें आणि म्हणून माणूस एकटा पडला, असें सरसकट म्हटलें जातें. या म्हणण्यांत सत्य आहे, पण सगळें सत्य नाहीं. इरावती कर्वे यांनीं १९५३ सालीं प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथांत एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या आहेत. एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक उपासना आणि परस्परांचें नातें, या त्या खुणा. वसईच्या जुन्या वाडींतील घराला त्या लावून पाहाव्या, म्हणजे एकेक खूण जुळत जाते. ओटीवर आजोबा, माजघरांत आजी, मागील दारीं विहीर व तिच्यावर रहाट. सर्वांची मिळून केळीची किंवा पानवेलीची बाग. तिन्हीसांजेची घंटा झाली कीं लहानथोरांनीं गुडघ्यांवर बसून म्हटलेली जपमाळ, आणि ती संपल्यावर वडीलधाऱ्यांपुढें वांकून मागितलेला आशीर्वाद. आमच्यापैकीं ज्यांचे केस पिकले आहेत त्यांच्या डोळ्यांपुढें हें चित्र अजून उभें राहतें.

परंतु अशीं घरें आपण आठवतों तितकीं सर्वत्र नव्हतीं. ए. एम. शाह या समाजशास्त्रज्ञांनीं जुन्या खानेसुमारींचे आंकडे तपासून दाखविलें आहे कीं, विसाव्या शतकाच्या आरंभींही हिंदुस्थानांतील एका घरांत सरासरी पांचच्या आसपास माणसें असत. कारण उघड आहे. १९४१ ते १९५१ या दशकांत या देशांत जन्मणाऱ्या बालकाचें अपेक्षित आयुष्य सुमारें ३२ वर्षांचें होतें. आज तें ७० च्या घरांत आहे. प्लेग, देवी, हिंवताप आणि बाळंतपण यांनीं घरोघरच्या जागा रिकाम्या केल्या होत्या. नातवाचें लग्न पाहणारी आजी ही त्या वेळीं भाग्याची व विरळा गोष्ट होती. आज ती घरोघर आहे, आणि तिच्या वाट्यास आलेलीं तीं जास्तीचीं वीस-पंचवीस वर्षें कोणाच्या संगतींत जावयाचीं हा प्रश्न पूर्वी फारसा उद्भवतच नव्हता. तेव्हां आजचा एकाकीपणा हा पुष्कळ अंशीं एका चांगल्या गोष्टीचें, दीर्घायुष्याचें, अपत्य आहे. हें ध्यानांत न घेतां नव्या पिढीस दोष देत बसणें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

दुसरेंही एक सांगितलें पाहिजे. पंधरा माणसांच्या घरांत एकाकी कोणी नसे, ही समजूत पुरुषांनीं करून घेतलेली आहे. पहांटे चुलीपाशीं बसलेली, रात्रीं सर्वांच्या शेवटीं जेवणारी, आणि मनांतला एक शब्द बोलावयास माहेरच्या सणाची वाट पाहणारी सून त्याच घरांत राहत होती. बांधावरून भाऊभाऊ एकमेकांशीं वर्षानुवर्षें बोलत नसत, आणि तरीही एकाच विहिरीचें पाणी पीत. ज्यांनीं कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या त्यांचीं नांवें येथें घेण्याचें कारण नाहीं; प्रत्येक वाडीस तीं ठाऊक आहेत.

मग खरोखर बदललें काय? आमच्या मतें प्रथम बदलली ती मिळकत. बागेचें काम एकट्याचें नव्हे. रहाट हांकणें, पाण्याचे पाट वळविणें, घड उतरविणें, पानें खुडून त्यांची जुडी बांधणें, यांस म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सर्वांचे हात लागत. म्हणून पैसा येई तोही सर्वांचा. १८६४ सालीं मुंबईहून सुरतेपर्यंतचा लोहमार्ग वसईवरून पुरा झाला, आणि १८६७ पासून विरारहून मुंबईस लोकल गाडी धांवूं लागली. हळूहळू एकेक मुलगा कचेरींत, गिरणींत, बँकेंत लागला. पगार एका नांवावर येतो. ज्याच्या नांवावर पगार त्याच्या मनांत स्वतःच्या खोलीचा विचार येणें स्वाभाविक होतें. चूल वेगळी झाली ती मागाहून. आधीं पैशाची पिशवी वेगळी झाली होती.

नंतर जमिनीची पाळी आली. १९९० सालीं वसई-विरार भागासाठीं सिडकोची विशेष नियोजन प्राधिकरण म्हणून नेमणूक झाली, आणि शेतें व बागा यांच्या जागीं इमारती उभ्या राहूं लागल्या. हरित वसईसाठीं त्या काळीं जी चळवळ झाली, व जिच्या अग्रभागीं फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, ती केवळ झाडांसाठीं होती असें आम्ही समजत नाहीं. बाग म्हणजे घरांतल्या माणसांना एकत्र ठेवणारी दोरी होती. ती विकली गेली कीं वाटणी सोपी होते. रोख रकमेचे तुकडे करतां येतात, विहिरीचे येत नाहींत. २००९ सालीं महानगरपालिका झाली. २०११ च्या जनगणनेंत तिच्या हद्दींत बारा लाखांहून अधिक लोक मोजले गेले. इतकीं माणसें पूर्वी या भूमीवर कधींच नव्हतीं, आणि तरी शेजारच्या सदनिकेंत कोण राहतो हें नांवानिशीं सांगणारे थोडे.

वेळ हाही एक धनी बदललेला जिन्नस आहे. वसई रोड स्थानकापासून चर्चगेट पन्नास किलोमीटरांहून दूर. पहांटे निघालेला बाप रात्रीं नऊला परततो. आई नोकरी करीत असल्यास तिचेंही तेंच. मुलें झोपण्याच्या बेतांत असतात, म्हातारीं जेवून आडवीं झालेलीं असतात. जपमाळ कोणीं सोडली असें विचारतात. ती कोणीं सोडली नाहीं, तिची वेळच रेल्वेनें नेली. राहिलेल्या वेळावर आधीं दूरदर्शननें हक्क सांगितला, तें मुंबईस १९७२ सालीं सुरू झालें. आतां मोबाईल सांगतो. फरक इतकाच कीं दूरदर्शनपुढें घर एका खोलींत तरी बसत असे, आणि वाडींतील ज्यांच्याकडे यंत्र नव्हतें तेही येऊन बसत.

मुलें कमी झालीं हेंही खरें. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें महाराष्ट्रांत एका स्त्रीमागें सरासरी १.७ अपत्यें आहेत. ज्या घरांत दोनच मुलें, त्यांतील एक आखातांत किंवा कॅनडांत गेलें आणि दुसरें लग्न होऊन सासरीं गेलें, म्हणजे घर रिकामें व्हावयास आणखी कांहीं घडावें लागत नाहीं. मुलगा वाईट नसतो. तो दररोज फोन करतो, पैसे पाठवितो, नवें घर बांधून देतो. त्या नव्या घराच्या पांच खोल्यांपैकीं चार बंद असतात, आणि आई स्वयंपाकघराशेजारीं खाट टाकून निजते. आमच्या कित्येक मुली परिचारिका होऊन परदेशीं वृद्धांची सेवा करीत आहेत. त्यांच्या हातांना यश येवो. पण त्यांच्या स्वतःच्या आईचा रक्तदाब कोण पाहतो, हें त्यांच्या मनांतून रात्रीं जात नसेल.

आतां आपल्या वालीवकडे येऊं. वालीव, सातिवली, गोखिवरे या पट्ट्याची गोष्ट रेल्वेच्या पश्चिमेकडील वाड्यांपेक्षां निराळी आहे. येथें शेतांच्या जागीं कारखान्यांचे गाळे आले, आणि गाळ्यांबरोबर उत्तर प्रदेश, बिहार व दुसऱ्या प्रांतांतील मजूर आले. म्हणून येथें दोन प्रकारचा एकाकीपणा शेजारीं शेजारीं राहतो. एका घरांत मुलें निघून गेलेली म्हातारी; आणि पलीकडच्या चाळींतील खोलींत बायकामुलें गांवीं ठेवून आलेले पांचसहाजण, पाळीपाळीनें एकाच चटईवर झोपणारे. त्यांचें कुटुंब मोडलेलें नाहीं, तें दीड हजार किलोमीटर लांब आहे इतकेंच. ते आपल्या धर्माचे नाहींत म्हणून ते आपल्या विषयाबाहेरचे, असें आम्ही मानीत नाहीं. मे २०२० मध्यें महामारीच्या टाळेबंदींत गांवीं नेणाऱ्या श्रमिक गाड्यांसाठीं वसईच्या मैदानावर हजारों मजूर भर उन्हांत जमले, तें दृश्य आपण पाहिलें आहे. खायला मिळेल कीं नाहीं ही भीति त्यांना होतीच. पण परक्या जागीं, कोणी ओळखत नाहीं अशा ठिकाणीं मरण येईल, ही भीति अधिक होती. त्याच महिन्यांत आपल्याकडील कित्येक प्रेतांमागें चार माणसेंही चालूं शकलीं नाहींत, हें ज्यांच्या घरीं घडलें त्यांना आम्हीं सांगावयास नको.

हा केवळ आमचा रोग नव्हे. ब्रिटननें जानेवारी २०१८ मध्यें एकाकीपणाच्या प्रश्नाकडे पाहण्यासाठीं मंत्री नेमला. जपाननें २०२१ मध्यें तसेंच केलें. जागतिक आरोग्य संघटनेनें जून २०२५ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत जगांतील सहा माणसांपैकीं एक एकाकी असल्याचें म्हटलें आहे, व या कारणानें वर्षास सुमारें ८ लाख ७१ हजार मृत्यु ओढवतात असा अंदाज दिला आहे. हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह व मनाचे आजार यांस एकटेपणा हातभार लावतो. पण त्या अहवालांतील एक गोष्ट आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारी वाटली. एकाकीपणा म्हाताऱ्यांपेक्षां तेरा ते एकोणतीस वयाच्या मुलामुलींत अधिक आढळला. आपल्याकडे भारतांतील वृद्धांची जी मोठी पाहणी २०१७-१८ मध्यें झाली तींत साठीपुढील शंभरांपैकीं सुमारें सहाजण अगदीं एकटे व सुमारें वीसजण केवळ पति-पत्नी असे राहत होते. म्हणजे बहुतेक वृद्ध अजून मुलांजवळच आहेत. तेव्हां एकाच छपराखालीं आजोबा आणि नातू दोघेही एकाकी, एक खिडकीपाशीं, दुसरा मोबाईलपाशीं, असें चित्र आज खोटें नाहीं. दोघांच्या मध्यें एक भिंत असते, आणि तींत दारही असतें.

सरकारनें २००७ सालीं आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या पोषणाचा कायदा केला. मुलांकडून महिना दहा हजार रुपयांपर्यंत पोषणखर्च मिळवून देण्याचा अधिकार त्यानें न्यायाधिकरणास दिला. कायदा चांगला आहे व ज्यांना गरज आहे त्यांनीं लाज न बाळगतां त्याचा आश्रय घ्यावा. पण जेवणाच्या ताटासमोर येऊन बस, असा हुकूम न्यायाधिकरण काढूं शकत नाहीं.

जुनीं घरें परत यावयाचीं नाहींत, आणि सुनांच्या दृष्टीनें पाहतां तीं जशींच्या तशीं परत यावींत अशी आमची इच्छाही नाहीं. पण रक्ताच्या नात्यापलीकडे कुटुंब वाढविण्याची एक रीत आपल्या पूर्वजांपाशीं होती. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजास कुपारी म्हणतात. पोर्तुगीज भाषेंत मुलाचा जन्मदाता व त्याचा धर्मपिता एकमेकांस ज्या नांवानें हांक मारतात त्या 'कोंपाद्रे' शब्दावरून हें नांव आलें असें मानतात. एका अख्ख्या समाजाचें नांव बाप्तिस्म्याच्या नात्यावरून पडावें ही लहान गोष्ट नव्हे. आज धर्मपिता व धर्ममाता यांचें काम बाप्तिस्म्याच्या दिवशींचें छायाचित्र आणि सोन्याची वस्तु एवढ्यावर संपतें. तें नातें उलट दिशेनेंही चालतें हें आपण विसरलों आहों. वीस वर्षांचा मुलगा आपल्या सत्तर वर्षांच्या धर्ममातेकडे महिन्यांतून एकदां जाऊन बसला, तर त्यास नवी संस्था लागत नाहीं, वर्गणी लागत नाहीं. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार आजीआजोबांचा व वृद्धांचा दिवस म्हणून नेमून दिला. तो दिवस फुलें देऊन साजरा होतो तें ठीकच, पण वर्षाला बावन्न रविवार आहेत.

अन्यत्र काय झालें आहे तेंही पाहावें. फ्रेडरिक ओझानाम या तरुण विद्यार्थ्यानें १८३३ सालीं पॅरिसमध्यें संत विन्सेंट दि पॉल यांच्या नांवें मंडळी काढली, तिचा मुख्य नियम घरीं जाऊन भेटण्याचा होता. मदत घेण्यास गरिबानें यावें असें नव्हे, मदत करणाऱ्यानें त्याच्या दारीं जावें, आणि शक्यतों दोघांनीं मिळून जावें. आजाऱ्यांस घरीं ख्रिस्तप्रसाद नेणारे आपले सेवक हेंच करतात. त्यांच्याकडून आम्हांस असें कळतें कीं प्रार्थना आटोपल्यावर, 'जरा बसा ना,' हे शब्द प्रत्येक घरीं ऐकूं येतात, आणि पुढील घरीं जावयाचें असल्यानें त्यांना उठावें लागतें.

म्हणून आमची सूचना लहानशी आहे. प्रत्येक वाडींत व प्रत्येक इमारतींत एकटीं राहणारीं माणसें कोण, याची यादी लहान समूहांच्या प्रमुखांनीं करावी; तींत चाळींतील परप्रांतीय शेजारीही यावेत. भेटीसाठीं रविवार नको. रविवारीं कोणी ना कोणी येतेंच. कठीण जाते ती मंगळवार-बुधवारची दुपार, तीन ते पांच, जेव्हां झोंप संपलेली असते आणि चहाला वेळ असतो. त्या वेळीं मोकळे असणारे म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले लोक आणि दुपारीं शाळा सुटणारीं मुलें. देवळाच्या मागील दाराजवळ एक वही ठेविली आहे. ज्यांना जमेल त्यांनीं तींत आपलें नांव व सोईचा वार लिहावा.