पैनगंगा : तेरा महिन्यांची सीमा

(किन्हीराजा, जि. वाशीम येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



दोन राज्यांची हद्द ठरविण्याची वेळ आली की राज्यकर्त्यांची दृष्टी प्रथम नदीकडे वळते. निसर्गाने आखलेली रेषा आयती हाती लागते आणि ती वादातीत आहे असे वाटते. परंतु डोंगर जागचा हलत नाही, नदी मात्र वाहते. ती पात्र बदलते, एक तीर खाते, दुसऱ्या तीरावर गाळ टाकते. म्हणूनच नौकानयनास योग्य नदीत सर्वांत खोल प्रवाहाची मध्यरेषा आणि अन्यत्र पात्राची मध्यरेषा ही सीमा मानण्याचा संकेत जगात रूढ झाला.

एवढ्यानेही प्रश्न सुटत नाहीत. १८१६ च्या सुगौली तहाने काली नदी नेपाळची पश्चिम सीमा ठरली. पण कालीचा खरा उगम कोणता, या वादातून २०२० मध्ये नेपाळने लिपुलेख आणि लिंपियाधुरा आपल्या हद्दीत दाखविणारा नकाशा प्रसृत केला. बंगालच्या उपसागरात हरियाभंगा नदीच्या मुखाशी १९७० च्या चक्रीवादळानंतर एक बेट वर आले. भारत आणि बांगलादेश दोघांनीही त्यावर हक्क सांगितला. वाद मिटण्यापूर्वीच, २०१० पर्यंत, ते बेट पाण्याखाली गेले!

वाशीमकरांना मात्र उदाहरणासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या रांगेत उगम पावणारी पैनगंगा आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेकडून वाहते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपविला आणि दीर्घ अंतरापर्यंत ही नदी दोन राजवटींमधील हद्द बनली. डाव्या तीरावर वऱ्हाड, उजव्या तीरावर निजामाचा मुलूख. भाषा एक, सणवार एक, सोयरिकी दोन्ही तीरांवर. कायदा आणि चलन मात्र वेगळे.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी डाव्या तीरावर तिरंगा फडकला. उजव्या तीरावरील मराठी माणसाला मात्र तो फडकविण्याची मुभा नव्हती. हैदराबादने भारतात विलीन होण्याचे नाकारले होते. भारताने त्या राज्याला परराष्ट्र म्हणून कधीच मान्यता दिली नाही. तरीही व्यवहारात पैनगंगा आंतरराष्ट्रीय सीमेसारखीच झाली. नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानेही परिस्थिती निवळली नाही. रझाकारांच्या अत्याचारांमुळे अनेक कुटुंबांनी अलीकडे आश्रय घेतला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्याचे कार्यकर्ते उमरखेडसारख्या सीमेलगतच्या ठिकाणांहून काम करीत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने कारवाई आरंभली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तेरा महिन्यांची ती सीमा पुसली गेली.

या नदीचा भूगोल काय सांगतो? पूस, अरुणावती, अडाण या नद्या वऱ्हाडातून तिला मिळतात, तर कयाधू उजव्या तीराने येते. दोन्ही तीरांचे पाणी एकाच पात्रात मिसळते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला जाते. खरे विभाजन करतो तो आपल्या जिल्ह्यातील जलविभाजक. त्याच्या उत्तरेला पडलेला पाऊस काटेपूर्णेतून पूर्णा आणि तापीमार्गे अरबी समुद्र गाठतो. म्हणजे नदी माणसे जोडते. तिला सीमा बनवितात ते राज्यकर्ते.

आज इसापूर धरणाचे पाणी एकेकाळच्या दोन्ही राजवटींच्या शेतीला मिळते. खालच्या भागात हीच पैनगंगा महाराष्ट्र आणि तेलंगणा यांची हद्द आहे. तेथील चनाखा-कोरटा बंधाऱ्यासह पाणीप्रकल्पांविषयी दोन्ही राज्यांनी ऑगस्ट २०१६ मध्ये करार केला. जेथे कधी बंदुका रोखल्या गेल्या, तेथे आज पाण्याच्या वाटपाची बोलणी होतात. हे स्थित्यंतर आपोआप घडलेले नाही. त्यासाठी दोन्ही तीरांवरील सामान्य माणसांनी किंमत मोजली आहे. पैनगंगेचा पूल ओलांडताना पुढच्या पिढीला एवढे तरी ठाऊक असावे, की तिच्या आजोबांच्या काळी पलीकडच्या तीरावर स्वातंत्र्य तेरा महिने उशिरा पोहोचले होते.