पोतं भरताना हमालाची पाठ आठवा



नळदुर्गहून सोयाबीन, तूर सोलापूरला धाडताना आपण भाव विचारतो. पण पोतं ट्रकमध्ये चढवणाऱ्याच्या पाठीचं काय? मणका दुखावला की हमालाची मजुरी बुडते, घरची चूल थंडावते. म्हणून पोतं ५० किलोच्या वर भरू नका. शिगोशीग भरलेलं पोतं हातातून निसटतं. शिवताना दोन्ही टोकांना धरायला कान ठेवा. गाडीच्या चाकांना दगड लावा, फळी पक्की टेकवा. उचलताना कंबर नव्हे, गुडघे वाकवावेत. वळताना पाय वळवावेत. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालांसाठी मंडळांची सोय झाली. पण पोत्याचं वजन ठरतं ते आपल्याच खळ्यावर.