आधी नोंदणी, मग खेळणं

१९७७ मध्ये 'स्टार वॉर्स' सिनेमा गाजला, पण केनर कंपनीचे बाहुले नाताळपर्यंत तयारच नव्हते. तिने कूपन घातलेलं खोकं विकलं. चार बाहुले पुढच्या वर्षी टपालाने! हौशी संग्राहक आजही पुढच्या बाहुल्याची तशीच वाट बघतात.

आम्हा बचत गटवाल्यांना ही आगाऊ नोंदणी भावली. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी फळं, भातुकली मिळते. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचणाऱ्या पोरांसाठी तिथे यान, यंत्रमानव करून घ्यावेत, असं आमच्या मनात आहे. पण कर्ज काढून माल आधी, गिऱ्हाईक मागाहून? नको गो बाई! दहा जणांनी पैसे भरले, की पहिला यंत्रमानव रंगायला देऊ. तिघांचे आलेत.