जीएसटी : एक टक्क्याची सोय कोणाला?

गटाची मालविक्री राज्यातच आणि वर्षाला ४० लाखांच्या आत असेल, तर सहसा जीएसटीची नोंदणी लागत नाही. पुढे दोन वाटा. नेहमीच्या पद्धतीत गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा, त्यातून कच्च्या मालावर दिलेला कर वजा करून उरलेला भरायचा. दुसरी कंपोझिशन, दीड कोटीपर्यंत. लोणची-मसाल्यांना विक्रीवर १ टक्का, भरणा तिमाही. सोपं आहे, पण तो टक्का बिलात लावता येत नाही, गटाच्याच गल्ल्यातून जातो. बरण्यांवर दिलेला करही वजा होत नाही. परराज्यात विक्री नाही. म्हणजे चंदगडच्या गटाला बेळगावचा बाजार बंद! दुकानदारही कुरकुरतो, आपल्या बिलावर त्याला वजावट नाही ना. आठवडी बाजारात विकणाऱ्या गटांना आम्ही कंपोझिशनच सुचवतो. दुकानांना माल देणाऱ्यांनी मात्र आधी दुकानदाराला विचारावं.